अठ्ठावीस वेळा ‘नाही’

भावजयीने कागद टेबलावर ठेवला, तेव्हा बाईंनी आधी पेनाचे टोपण काढले आणि मग कागदाकडे पाहिले. हा क्रम त्यांच्या स्वभावाला सोडून होता. एरवी त्या एखादा कागद तीनदा वाचल्याशिवाय पेनाला हात लावत नसत. पण या कागदात वाचण्यासारखे फारसे नव्हतेच. अठ्ठावीस तारखा, प्रत्येक तारखेपुढे एकच प्रश्न, ‘लावल्यावर चुरचुरले का?’, आणि प्रत्येक प्रश्नापुढे भावजयीच्या गोल, ठसठशीत अक्षरात एकच उत्तर: नाही.

घराच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या म्हणजे त्यांचा कारखाना. पहिल्या खोलीत धाकटा भाऊ बसे, तो मालक. मधल्या खोलीत त्याच्या बायकोच्या देखरेखीखाली बाटल्या भरल्या जात. मागच्या खोलीत चेहऱ्याला लावायची द्रावणे आणि लेप तयार होत, आणि तिथे थोरल्या बहिणीवाचून पान हलत नसे. ती रसायनतज्ज्ञ. कामगार तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे मिलिग्रामबाई, कारण तराजूवरचा शेवटचा आकडा स्थिरावेपर्यंत त्या आसपासच्या माणसांना श्वासही सोडू देत नसत. त्यांच्या सहीवाचून एकही बाटली दाराबाहेर जात नसे. आता मागच्या खोलीत पोलादी पिंपात ऐंशी लिटर नवा माल तयार होता, लेबले छापून आली होती, आणि सोमवारी वितरकाची गाडी यायची होती. बुधवारच्या त्या सकाळी सारे अडले होते ते या एका सहीपाशी.

माल नवा होता म्हणजे काय, ते नीट सांगितले पाहिजे. बारा वर्षे हे घर चेहऱ्यासाठी दोन बाटल्या विकत आले होते. निळ्या बाटलीत सौम्य आम्ल. ते त्वचेवरचा मृत पेशींचा थर सैल करून उतरवी. पांढऱ्या बाटलीत शामक लेप. त्यात ओटचा अर्क, ग्लिसरीन आणि तत्सम शांत स्वभावाची मंडळी. पांढरी रोज लावायची, निळी आठवड्यातून दोनदा. निळी लावली की गाल चुरचुरे, आणि बाईंनी त्या चुरचुरीलाच मोजपट्टी मानून लेबलावर नियम घातला होता: ‘चुरचुरल्यास दोन दिवस थांबा. न चुरचुरल्यास रोज लावण्यास हरकत नाही.’ बारा वर्षांत या नियमाने कोणाला दगा दिला नव्हता. भाऊ म्हणे, ताईने प्रत्येक ग्राहकाच्या गालात एक तपासनीस बसवून ठेवलाय, आणि तोही बिनपगारी.

पुढे भाऊच म्हणू लागला की लोकांना दोन बाटल्यांचा कंटाळा येतो आणि चुरचुरीचा त्याहून जास्त. तेव्हा दोन्ही एकाच बाटलीत का घालू नयेत? बाई वर्षभर भांडल्या. सोलणारे आणि शमवणारे द्रव्य एकत्र नांदूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. प्रमाण सांभाळले तर ते खुशाल नांदतात. त्यांचा वाद होता तो घाईशी. अखेर आम्ल निम्म्यावर आणून, आणि चुरचुर जागच्या जागी थांबवणारे एक नवे शामक घालून त्यांनी द्रावण सिद्ध केले. चाचणी भावजयीच्या चेहऱ्यावर ठरली. नियम जुनाच: चुरचुरले तर थांबायचे, नाही तर रोज लावायचे.

तराजूसाठी पंखा बंद होता. खोली तापली होती. बाई सही करायला वाकल्या, तेवढ्यात भावजयीने बाहीने गालावरचा घाम टिपला, आणि बाहीला पावडरीचा एक जाड, गुलाबीसर पट्टा लागला.

बाईंचे पेन थांबले.

“हे काय?”

“कुठं काय?”

“गालावर.”

“ते होय? उकडतंय ना, वन्सं.”

“उकडल्यानं माणूस लाल होतो, चकाकत नाही. इकडे ये. खिडकीत ये.”

खिडकीच्या उजेडात त्यांनी पाहिले. जिथली पावडर पुसली गेली होती तिथली कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, ताणलेली आणि तुकतुकीत दिसत होती. नाकाच्या कडेला बारीक भेगा होत्या.

“तोंड धू बघू.”

“नको ना.”

“का नको?”

“पाणी झोंबतं.”

“पाणी?” बाईंना वाटले, आपण चुकीचे ऐकले.

“पाणी झोंबतं, घाम झोंबतो, उशीचा अभ्रा झोंबतो. परवा डोळ्यांत पाणी आलं, ते गालावर ओघळलं तर तेही झोंबलं. म्हटलं, चला, आता रडायचीही सोय राहिली नाही.” भावजय हसायला गेली आणि ओठांचे कोपरे ताणले जाताच थांबली.

“आणि हे द्रावण?”

“ते मुळीच नाही. उलट तेवढंच काय ते गार वाटतं. खरं सांगू? दिवसभर मी संध्याकाळची वाट बघते. कधी एकदा लावते असं होतं.”

“किती दिवस हे असं?”

“दुसऱ्या आठवड्यापासून.”

“आणि तू नुसती ‘नाही, नाही’ लिहीत बसलीस?”

“लावल्यावर चुरचुरलं का, असं विचारलं होतं. नाही चुरचुरलं. मग काय खोटं लिहू?” भावजयीने बाही खाली ओढली. “यांना सांगितलं होतं मी. हे म्हणाले, पावडर लाव आणि ताईला कळू देऊ नकोस, ती आणखी वर्षभर अडवून धरेल.”

यावर बाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. पण रागातही त्यांची शिस्त सुटत नसे. किंबहुना रागातच ती अधिक कडक होई. भावाकडे जाण्याआधी त्या पिंपाकडे गेल्या. त्यांची खात्री होती की भावाने त्यांच्या माघारी आम्ल वाढवले आहे. त्यांनी झाकण उघडले, नमुना काढला, आम्लता (पीएच) मोजणारा मापक आधी दोन ज्ञात द्रावणांत बुडवून तपासला आणि मग नमुन्यात धरला. ३.९. त्यांनी पुन्हा धरला. ३.९. त्यांच्या कागदावर होते ३.९. वजनांची वही काढली, पिशव्यांत उरलेला माल तोलला, वजाबाक्या केल्या. प्रत्येक घटक त्यांनी सांगितला तेवढाच पडला होता. भावाने चोरी केली असती तर त्यांना किती बरे वाटले असते! पण द्रावण निर्दोष होते, म्हणजे ते त्यांचेच होते.

मग सारे आपोआप उलगडले. चुरचुर ही तक्रार होती. त्वचा ओरडून सांगत होती की आता पुरे. नव्या शामकाने त्वचा बरी केली नव्हती, तिचे तोंड दाबले होते. आणि बाईंनी नियम ठेवला तो असा की ओरडली तर थांबा. ती ओरडली नाही, म्हणून भावजय रोज लावत राहिली, रोज एक थर उतरत राहिला, आणि रोज सकाळी कागदावर आणखी एक ‘नाही’ उमटत राहिला. घड्याळाचे काटे काढून ठेवायचे आणि वाजले किती ते त्याच्याकडेच पाहून ठरवायचे, असा हा कारभार झाला होता. पण हा विचार पुरता मनात उतरू देण्याआधीच बाई ताडकन उठल्या आणि पहिल्या खोलीत शिरल्या. भाऊ समोर असताना स्वतःवर रागावण्याची त्यांना काही निकड वाटली नाही.

“माल जाणार नाही.”

भाऊ लेबलांचे गठ्ठे बांधत होता. त्याने मान वर केली नाही. “का? पीएच चुकला?”

“तुझ्या बायकोचं तोंड सोललंय.”

“अगं, तिची कातडी पहिल्यापासूनच नाजूक.”

दारात उभी असलेली भावजय म्हणाली, “नाजूक? या घरात नांदायचं तर गेंड्याची लागते. बारा वर्षांत कमावली होती मी. तुमच्या बाटलीनं महिन्यात उतरवली.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“तोंड माझं आहे, अहो. मध्ये कुठं, सोसायच्या टोकाला मीच आहे.”

“दोन आठवडे तुला माहीत होतं!” बाई भावावर कडाडल्या. “पावडर लाव म्हणालास? जखमेवर पावडर? कारखाना चालवतोस की तमाशाचा फड?”

“जखम, जखम काय लावलंयस! कागद कुठंय? आण तो कागद.” भावाने मागच्या खोलीत जाऊन तो टेबलावरून आणला आणि बोट आपटत खाली नेले. “नाही. नाही. नाही. नाही. अठ्ठावीस वेळा नाही! तुझाच प्रश्न, तुझाच नियम, तुझ्याच हाताखालची चाचणी. आता उत्तर आवडलं नाही म्हणून चाचणी खोटी?”

हा घाव वर्मी बसला. आणि ज्याचा घाव वर्मी बसतो त्याच्यावर माणूस अधिकच चवताळतो. “मी सही करणार नाही,” बाई म्हणाल्या.

“नको करूस. रसायनतज्ज्ञ काय जगात तू एकटीच आहेस? उद्या दुसरा आणून बसवतो.”

“आण ना! आणि तो चाचणी कोणाच्या तोंडावर घेईल? हिच्या तोंडावर तर जागा उरली नाही.”

“माझ्यावर घेईल!” भाऊ खुर्ची मागे ढकलून उठला. मधल्या खोलीतून त्याने नमुन्याची बाटली आणली आणि सकाळीच दाढी केलेल्या, अजून साबणाचा वास येणाऱ्या दोन्ही गालांवर द्रावण थापले. दोघी बघत राहिल्या. भाऊ दहा आकडे मोजेपर्यंत थांबला आणि त्याचा चेहरा विजयाने फुलला. “काही नाही! ताज्या दाढीवर काही नाही! अगदी गारेगार! आता बोला!”

“अरे शहाण्या, तेच तर सांगतेय मी—”

“काही सांगू नकोस. सोमवारपर्यंत रोज लावतो. मला काही झालं तर माल मोरीत ओत. नाही झालं तर सही कर.”

“ऐक तरी. वस्तराही एक थर काढतोच. तू दुहेरी सोलशील.”

“का? गिऱ्हाईकं दाढी करत नाहीत?”

आपल्या मूर्ख भावाने नकळत एक रास्त मुद्दा मांडला याचा बाईंना आणखी संताप आला.

भावजय मात्र शांतपणे म्हणाली, “रोज लावायचं हं. विसरायचं नाही. दाढी झाल्या झाल्या मी बाटली हातात आणून देईन.”

पुढचे तीन दिवस त्या घरात राग हीच सर्वांची शिदोरी होती. बाईंनी भावजयीला सगळे लेप बंद केले. कोमट पाणी, नुसती पेट्रोलियम जेली, आणि उन्हात जायचे तर तोंडाला मऊ सुती ओढणी. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ तिच्या गालावर जेली लावत आणि लावताना भावाच्या नावाने दातओठ खात. भावजय डोळे मिटून बसे. ‘आतल्या खोलीत एक शूर वीर आरशासमोर गाल फुगवून उभा आहे,’ असे सांगून ती मध्येच नणंदेला हसवी. पण एरवी फारसे बोलत नसे. आणि बाईंनाही तिने बोलावे असे फारसे वाटत नव्हते. त्यांच्या डोक्यात सोमवारी भावाला सुनवायच्या वाक्यांची जुळवाजुळव अखंड चालू होती. त्यांतली काही वाक्ये इतकी घोटीव झाली होती की कातडी बरी होण्याहून ती वाक्ये वाया जाऊ नयेत याचीच त्यांना अधिक काळजी असावी, असे पाहणाऱ्याला वाटले असते.

भाऊ गुरुवारी म्हणाला, “काही नाही.” शुक्रवारी म्हणाला, “उलट तुकतुकीत दिसतोय मी.” शनिवारी तो काही म्हणालाच नाही, आणि जेवताना आमटीची वाफ लागली तशी त्याने मान मागे घेतली. भावजयीने ते पाहिले आणि वाटी आणखी थोडी पुढे सरकवली.

रविवारी दुपारी तो रिकाम्या बाटल्यांचे पाहायला स्कूटरवरून गेला आणि भर उन्हातून तासाभराने परतला. आल्या आल्या त्याने न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाण्याचा सपकारा मारला.

“आई गं! अगं आई आई गं!”

मधल्या खोलीतल्या बायकांच्या हातांतल्या बाटल्या जागच्या जागी थबकल्या. भाऊ बाहेर आला तो दोन्ही हात चेहऱ्यापासून वीतभर दूर धरून. जणू चेहरा कोणा परक्याचा होता आणि त्याला हात लावण्याची मुभा नव्हती. दोन्ही गाल लालभडक, वस्तऱ्याच्या रेघांनी आखलेले, हनुवटीपाशी ओलसर.

“पाणी झोंबतंय!” तो म्हणाला. हा शोध जगात पहिल्यांदाच लागला होता, असा त्याचा स्वर होता. “ताई, नुसतं पाणी झोंबतंय!”

“हो का?” भावजय म्हणाली. “पावडर आणू?”

बाईंनी जेलीची डबी त्याच्यापुढे आपटली. घोटून ठेवलेली सगळी वाक्ये ओठांवर आली होती, पण कण्हणाऱ्या माणसाला सुनावण्यात तेवढी चव नसते, म्हणून त्या दम धरून बसल्या. अर्ध्या तासाने, गालांवर जेलीचा थर चकाकत असताना, भाऊ वितरकाला फोन करायला बसला.

“नाही नाही, साहेब, उद्या गाडी नको. माल मीच थांबवलाय… अहो, कसं कळलं म्हणजे? मी स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन पाहिला. आपलं तत्त्वच आहे ते. चार दिवसांत दोष ओळखला बघा.”

फोन खाली ठेवायच्या आतच बाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. “चार दिवसांत ओळखलास?”

“मग? थांबवलाय ना माल? तुला हवं होतं तेच झालं ना?”

“अठ्ठावीस दिवस त्या तोंडासमोर बसून जेवत होतास! ते तोंड तुला दिसलं नाही. तिनं सांगितलं, ते ऐकू आलं नाही. तुझ्या गालाला पाणी लागलं तेव्हा कुठे पाणी झोंबतं हे सिद्ध झालं? तिची कातडी नाजूक, आणि तुझी तेवढी प्रमाण? तिचा महिना गेला तो चाचणीत जमा नाही, आणि तुझे चार दिवस म्हणजे तत्त्व?”

“बरं, बरं. वहीत नामंजुरी लिही आणि संपव. लिही: ‘मालकांनी केलेल्या चाचणीत दोष आढळल्याने—’”

“मी लिहिते. तू सांगायची गरज नाही.”

बाईंनी नामंजुरीची वही उघडली आणि उभ्यानेच, रेखीव अक्षरात लिहिले. मग लिहिलेले मोठ्याने वाचले. ‘जिच्यावर चाचणी घेतली तिच्या चेहऱ्यास दुसऱ्या आठवड्यापासून इजा. तिने मालकांस सांगितले. मालकांनी ती झाकण्यास सांगून चाचणी चालू ठेवली. पुढे मालकांच्या चेहऱ्यासही तशीच इजा. माल नामंजूर.’

“हे खोड!” भाऊ ओरडला आणि गाल ताणल्याने कळवळला. “वही तपासायला बाहेरची माणसं येतात!”

“येऊ देत. म्हणूनच लिहिलंय. या वहीत खाडाखोड होत नाही.” बाईंनी टोपण लावले. चार दिवसांत प्रथमच त्यांच्या छातीवरचे ओझे उतरले होते.

“वन्सं,” दारातून भावजय म्हणाली, “एवढंच?”

“म्हणजे?”

“कागद कोणी काढला होता, ते राहिलं.”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. आता हीसुद्धा? जिच्यासाठी आपण आकाशपाताळ एक केले ती?

“मी तुझ्या बाजूनं भांडतेय,” त्या धारदार आवाजात म्हणाल्या.

“भांडताय खरं. पण यांच्याशी भांडताय. माझ्याशी बोललात कुठं?” भावजयीचा आवाज चढला नाही, पण ती दारातून हललीही नाही. “यांनी पावडर लाव म्हटलं, ते लिहिलंत, बरं केलंत. पण तुम्ही रोज सकाळी हा कागद माझ्या हातात द्यायचात. समोर उभ्या राहून. अठ्ठावीस सकाळी. एकदा तरी वर पाहिलंत?”

“तू पावडर लावली होतीस.”

“त्याआधी जन्मात कधी लावली होती का मी?”

सगळ्या आयुष्यात बाईंनी कोणाचा मुद्दा खोडल्यावाचून सोडला नव्हता, आणि आताही त्या खोडायला जागा शोधत होत्या. डोळे वहीवर, वहीवरून भावावर, भावावरून पुन्हा वहीवर फिरत होते. जागा सापडेना. त्यांनी टोपण काढले. नव्या ओळीवर लिहिले: ‘चाचणीतील प्रश्न अपुरा होता. चुरचुर दाबणारे शामक घातल्यावर चुरचुरीचा जुना नियम लागू राहत नाही, हे मी पाहिले नाही. जिच्यावर चाचणी घेतली तिचा चेहराही पाहिला नाही. चूक माझी. रसायनतज्ज्ञ.’

“हां! हे उत्तम,” भाऊ म्हणाला. “हे जरा ठळक कर.”

“तुम्ही गप्प बसा,” भावजय म्हणाली. “बोललात तर भेगा पडतील.”

ती आत आली, खुर्ची ओढून नणंदेच्या अगदी समोर बसली आणि तिने ओढणी काढून मांडीवर ठेवली. बाईंनी पहिल्यांदाच त्या चेहऱ्याकडे काही मोजण्याच्या हेतूवाचून पाहिले. कपाळावरची लाली उतरली होती. नाकाशेजारच्या भेगा मिटल्या नव्हत्या.

“कसं होतं?” त्यांनी विचारले. “दुसऱ्या आठवड्यापासून. कसं होत होतं?”

“सांगते. सगळं सांगते. तुम्हीही बसा हो, उठू नका.” हे नवऱ्याला होते. “पहिल्यांदा झोंबलं ते मंगळवारी, केस धुताना. मला वाटलं साबण बदललाय…”

बाईंचा हात सवयीने वहीकडे गेला आणि पान उलटू लागला.

“लिहू नका,” भावजय म्हणाली. “आधी ऐका.”